देव्हारा रिकामा केल्यावर

मंडळी, गिरगावातून बसने गेलात तर कंडक्टर ओरडतो, "प्रार्थना समाज, प्रार्थना समाज!" चार माणसं उतरतात, चार चढतात. तो नुसता स्टॉप नाही, तिथे खरोखर एक मंदिर आहे आणि त्या मंदिरात मूर्ती नाही, हे किती जणांना ठाऊक असतं?

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगतो. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. त्यात पुढाकार कुणाचा, तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. हो, तेच, मराठीचं व्याकरण लिहिणारे. देव एक, तो निराकार, जातिभेद खोटा, असा सभेचा विचार. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. आज आपण वडापाव खाताना बेकरीवाल्याची जात विचारत नाही, पण तेव्हा त्या एका घासाने माणूस वाळीत पडत असे. म्हणून सगळं गुपचूप, दार लावून चालायचं. 1860 च्या सुमारास सभासदांची नावं असलेले कागद कुणीतरी पळवले, बोभाटा झाला आणि सभा मोडली. मला त्यांना भित्रे म्हणवत नाही. घरात म्हातारी आई, लग्नाच्या बहिणी. पण दाराआड शोधलेला देव दार उघडताच नाहीसा झाला, हेही खरंच.

पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघडपणे. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात पुढे होते. मागाहून रानडे आले, भांडारकर आले. यांनी मूर्तिपूजा नाकारली खरी, पण घरचा देव्हारा हलवलाच पाहिजे अशी सक्ती सभासदांवर केली नाही. त्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांना तर ही मंडळी फारच मवाळ वाटायची आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं. देव्हारा रिकामा करणं तसं सोपं. ताम्हन, घंटा, निरांजन उचललं की झालं. पण संध्याकाळ झाली, हात जोडावेसे वाटले, तर म्हणायचं काय? समोर कुणी नाही, तोंडी मंत्र नाही. या पदवीधर मंडळींनी इंग्रजी पुस्तकांतून ईश्वराविषयी पुष्कळ वाचलं होतं, पण त्या भाषेत गळा दाटून येत नव्हता. मग उपासनेला त्यांनी कुणाला आणलं? तुकोबांना! उभा जन्म विटेवरच्या विठोबापुढे काढलेल्या माणसाचे अभंग मूर्ती न मानणाऱ्यांच्या उपासनेत गायले जाऊ लागले.

यात विसंगती आहे असं कुणी म्हणेल. मला तरी तो प्रामाणिकपणा वाटतो. तहान लागलेला माणूस पाणी कुठल्या घाटाचं ते बघत नाही.

आणि आपल्याकडे हा पेच नवा थोडाच आहे? नामदेवांची गोष्ट आठवा. संतमेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. विठ्ठल ज्याच्या हातून जेवतो तो कच्चा! रुसून ते पंढरपूरला आले. देवाने धाडलं औंढा नागनाथला, विसोबा खेचरांकडे. पाहतात तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, "बाबा रे, माझ्याने हलवत नाही. देव जिथे नसेल तिथे तूच माझे पाय ठेव." नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड उगवायला लागली.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची 61 पदं आहेत, ती वाचा. तिथला विठ्ठल एका देवळात मावत नाही. आणि परंपरा सांगते की याच नामदेवांनी समाधी मागितली ती पंढरपूरच्या महाद्वारातल्या पायरीखाली. आषाढीला आजही वारकरी त्या पायरीवर पाय न देता तिला ओलांडून आत जातो, विटेवरच्या मूर्तीकडे.