हाडाचं आजोळ

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचणीची घाई आहे, ठाऊक आहे मला. वेचता वेचता ऐका.

दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला पेट्रोल, दारूगोळा जायचा. त्या वाटेला वैमानिक 'हम्प' म्हणत, म्हणजे उंटाचं कुबड. त्या वाटेवर शेकडो विमानं पडली. 'हॉट ॲज हेल' हे अमेरिकन बॉम्बर 25 जानेवारी 1944 ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे निघालं आणि आठ माणसांसकट गडप झालं. अरुणाचलच्या डोंगरात ते सापडलं थेट 2006 मध्ये.

विमान सापडलं, पण माणसं? इतक्या वर्षांच्या पावसात राहतं काय? एखादा दात, हाडाचा तुकडा, बूट. शोधणारे दोरी बांधून चौकोन आखतात, माती थोडी थोडी खरवडतात आणि बादलीबादलीनं चाळणीवर ओततात. आपण हरभऱ्यातले खडे काढतो ना, तसंच. फक्त इथं खडाच हवा असतो. दात मिळाला तर सैन्यभरतीच्या वेळच्या दातांच्या तक्त्याशी ताडतात. नाही तर डीएनए, म्हणजे पेशीपेशीतली वंशाची खूण, नातेवाइकांच्या डीएनएशी ताडतात.

जुन्या हाडात बरेचदा टिकतो तो मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या इवल्या ऊर्जाघरांचा डीएनए, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो येतो फक्त मायकडून. म्हणजे वैमानिकाची सख्खी मुलगी समोर उभी राहिली तरी या तपासणीत तिचा उपयोग नाही. त्याच्या बहिणीची मुलगी चालते, मावशीचा मुलगा चालतो. मामा चालतो, मामाची मुलं नाही. आत्याचं तर नावच नको! अर्थात एकाच मायच्या वंशात माणसं पुष्कळ, म्हणून दात, उंची, विमानातल्या माणसांची यादी, सगळं जुळवूनच नाव ठरतं.

आता आपलं बघा. सातबारा बापाचा, आडनाव बापाचं. पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "कोणाचा पोरगा व्हय रे तू?" तेव्हाही आपण बापाचंच नाव सांगतो. मायकडची वंशावळ लिहिलेली कुठे असते?

परवा वही घेऊन मायजवळ बसलो. तिनं तिच्या मायचं नाव सांगितलं, आजीचंही सांगितलं. "अन् तिची माय?" मी विचारलं. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले.

"तिले तं सारे मोठीमाय म्हणत, बापू. नाव कोणं इचारलं?"