गिरणगाव बघायचं कसं? चिमणीपासून चाळीपर्यंत

नमस्कार मंडळी! लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथं गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. पुढच्या वेळी तिच्यासमोर दोन मिनिटं थांबा आणि विचार करा, ही एवढी उंच कशाला बांधली असेल?

सुरुवातीच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. खाली बॉयलर, त्यात कोळसा. चिमणी जितकी उंच तितकी हवा जोरात ओढली जाते आणि भट्टी धगधगती राहते. वाफेचं परत पाणी करायला थंड पाणी लागायचं, म्हणून आवारात तलाव खणायचे. १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्या हळूहळू विजेवर गेल्या.

आता छप्पर बघा. जुनी शेड दिसली तर तिचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असेल, आणि दात्याच्या उभ्या बाजूला काचा. या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवायच्या. त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा राहतो. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा दिसायला असाच उजेड लागतो. मला विचाराल तर अख्ख्या गिरणीत बघण्यासारखी सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ ची, जागा ताडदेव. पुढे लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव झाला.

संग्रहालय म्हणाल तर काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलंय. ते टप्प्याटप्प्यानं होतंय, त्यामुळे काय खुलं आहे ते विचारूनच निघा. त्या दिवशी भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही करा. त्याची वास्तू १८७२ मध्ये खुली झाली, म्हणजे गिरण्या वाढत होत्या तोच काळ. तिथल्या मातीच्या प्रतिकृतींमध्ये तेव्हाची माणसं आणि त्यांचे धंदे दिसतात. बुधवारी ते बंद असतं.

गिरणीच्या संग्रहालयाबद्दल माझा एक आग्रह आहे. मालकांच्या तसबिरींआधी तिथं बदली कामगाराचा पास लागला पाहिजे. बदली म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तरच आत काम. अशा माणसांच्या जोरावर तिन्ही पाळ्या चालल्या.

म्हणून चिमणी बघून परत फिरू नका, चाळींकडे या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या) चाळी साधारण १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गाववाले एकेका खोलीत कितीतरी जण राहायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उचलायची आणि त्याच जागेवर पहिल्यानं आडवं व्हायचं. पुनर्विकास सुरू आहे, या इमारती एकेक करून जातायत. बघायच्या असतील तर लवकर बघा. आणि तिथं लोक राहतात हो, कुणाच्या दारात कॅमेरा रोखू नका.

या एकट्या माणसांना जेवण कोण घालायचं? खानावळवाल्या बाया. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी, त्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. गिरणीच्या इतिहासात त्यांची चूल साच्याइतकीच महत्त्वाची आहे असं मी मानतो.

रविवारची सुट्टीही इथलीच. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी ती लढून मिळवली, १८९० मध्ये.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमानं पुनर्विकास करताना गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला आणि घरांना मिळायचा होता. २००१ च्या बदलानं तो हिशोब फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरता उरला, त्यामुळे बहुतेक जमीन मालकांकडेच राहिली. आज तुम्ही ज्या काचेच्या टॉवरखालून चालता, त्यामागे हा बदल आहे.

जाताना एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला सोबत न्या. घरात, शेजारी, मंडळात कुणीतरी सापडेलच. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं मोघम विचारू नका. ‘काका, कुठली गिरणी? कुठलं खातं (म्हणजे विभाग)? पाळी कुठली?’ असं विचारा, आणि मग मध्ये बोलू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी त्यांना विचारा.