सहावं काडतूस

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय ‘मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी जोरदार काडतुसं कशी निवडावीत’. आपल्या सिएटलच्या मंडळातले बरेच जण उन्हाळा लागला की अलास्काला सामन मासे धरायला जातात, आणि अस्वलाच्या भीतीने कमरेला .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर लावतात. (.44 म्हणजे इंचात गोळीची साधारण जाडी, आणि मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार काडतूस.) गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला: “सगळ्यात पॉवरफुल काडतूस कुठलं?” हा प्रश्नच मला खटकतो. तो का खटकतो ते आज मनापासून सांगायचंय.

आधी हे बघा. (हातातलं काडतूस दाखवत) यातली दारू आणि टोपी काढून टाकलेली आहे, घाबरू नका. मागच्या बाकांपर्यंत फिरवा. शेजारी चांगलं काडतूस ठेवलंय, त्याच्याशी ताडून पाहा. या पितळी पुंगळीतून गोळी जवळजवळ तीन मिलिमीटर पुढे सरकलीय. पुंगळीची कड गोळीभोवती जिथे आत वळवतात, त्याला क्रिंप म्हणतात. या काडतुसाची क्रिंप सुटलीय, आणि गोळीवरची खाच पूर्ण उघडी पडलीय.

हे घडलं ते सांगतो. मी डोंगरात वागवायला सोपं म्हणून स्कँडियम मिश्रधातूचं हलकं .44 घेतलं. रिकामं असताना जेमतेम 700 ग्रॅम. मग एका दुकानात गेलो. नाव घेत नाही. म्हटलं, अस्वलासाठी काहीतरी द्या. काउंटरवरच्या माणसाने माझं रिव्हॉल्व्हर कुठलं, नळी किती लांब, एक शब्द विचारला नाही. फळीवरचा वीस काडतुसांचा बॉक्स काढला. तीनशे ग्रेनच्या वरची गोळी (ग्रेन हे गोळी तोलायचं माप, त्याबद्दल पुढे सांगतो), आणि बॉक्सवर ठळक ‘प्लस पी’, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं. “याच्यापुढे काही नाही,” म्हणाला.

रेंजवर गेलो. पहिला बार, दुसरा, तिसरा. तळहात झिणझिणायला लागला. चौथ्याला चाप ओढतोय तर ओढलाच जाईना. काडतुसं भरायचा सिलिंडर फिरत नव्हता आणि बाहेरही पडत नव्हता. उरलेल्यांपैकी एका काडतुसातली गोळी पुढे येऊन चौकटीला अडली होती. रेंज ऑफिसरने नळी समोर धरायला लावून ती गोळी लाकडाच्या काडीने हळूहळू मागे ढकलली, तेव्हा सिलिंडर सुटला. ते सगळं व्हायला दहा मिनिटं लागली. आता कल्पना करा, समोर नेमाचा कागद नाही, पिलांची आई, अस्वलीण उभी आहे. त्या दुकानदाराचा मला आजही राग येतो. त्याने खोटं सांगितलं नाही, पण विचारायला हवं ते विचारलं नाही.

कारण सोपं आहे. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. येताना बाकीच्या पाच काडतुसांच्या पुंगळ्यांना कडेला धरून मागे खेचतं. आतली जड गोळी मात्र जागच्या जागी राहू बघते. बस एकदम सुटली की उभ्या माणसाचं होतं तेच. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं आणि गोळी जितकी जड, तितका हा झटका वाईट. सव्वा किलोच्या वरच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये तोच बॉक्स कदाचित गपगुमान चालला असता.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये का, असं मागे कुणीतरी विचारलं होतं. हे आपल्याला खरं तर परकं नाही. आजीच्या वेळचा तोळा, आजचा दहा ग्रॅमचा नव्हे, 11.66 ग्रॅमचा, तो बरोबर 180 ग्रेनचा. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा 15 ग्रेनचा. .44 ची नेहमीची 240 ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा चार मासे. तीनशेची म्हणजे एक तोळा आठ मासे. चार माशांनी काय होतं, असं वाटेल, पण सराफाला विचारा.

आता एल्मर कीथबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आयडाहोचा हा माणूस गुरं राखायचा, शिकाऱ्यांना वाट दाखवायचा आणि बंदुकांवर लिहायचा. 1925 च्या 4 जुलैला तो .45 कोल्ट रिव्हॉल्व्हरमधून जोरदार भरलेली काडतुसं उडवत होता, आणि रिव्हॉल्व्हरचा वरचा भागच उडाला. त्याने धडा असा घेतला: त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये .45 ऐवजी .44 ची भोकं पाडली तर मधल्या भिंती जाड राहतात. म्हणून तो .44 स्पेशल या आधीपासूनच्या काडतुसाकडे वळला आणि पुढची तीस वर्षं कंपन्यांच्या मागे लागला. शेवटी 1955 मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .44 मॅग्नम आणलं. .357 मॅग्नम त्याच्या वीस वर्षं आधीचं, 1935 चं. कीथने मागितलं होतं 250 ग्रेनच्या गोळीला सेकंदाला 1,200 फूट. कंपनीने त्याहून जास्त वेग दिला. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की ज्याच्या हट्टाने मॅग्नम जन्मलं, त्याने आधी रिव्हॉल्व्हरच्या भिंतींची जाडी पाहिली आणि मग दारूचा विचार केला.

चिठ्ठी आली, वेळ थोडाच उरलाय. निवडीचं आता भराभर सांगतो.

‘प्लस पी’ या शिक्क्याला .44 मॅग्नममध्ये मानक नाही. अमेरिकेत काडतुसांच्या दाबाची मानकं ठरवणारी सामी ही संस्था .38 स्पेशलला प्लस पी मानते, पण .44 मॅग्नमला आणि .357 ला नाही. .44 ची कमाल मर्यादा 36,000 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. गाडीच्या टायरमध्ये पस्तीसच्या आसपास असते, म्हणजे हजारपट. त्या मर्यादेच्या वरचा बॉक्स घ्यायचा असेल तर आपल्या रिव्हॉल्व्हरचं मॅन्युअल वाचा, आणि काडतूस बनवणाऱ्याने कुठल्या मॉडेलसाठी चालेल म्हटलंय तेही वाचा. काही जड काडतुसं लांबीलाच इतकी जास्त असतात की आखूड सिलिंडरमध्ये मावत नाहीत.

बॉक्सवरचा वेग कुठल्या नळीतून मोजलाय ते बघा. चाचणीची नळी लांब असेल आणि तुमची चार इंची असेल, तर तो वेग तुमचा नाही.

अस्वलासाठी फुलणारी पोकळ टोकाची गोळी नको. कडक ओतीव शिशाची, सपाट टोकाची घ्या. ती हाडातून खोल जाते. पण हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिशाच्या गोळ्या जास्त सरकतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये त्याची मनाई आहे का तपासा. जड गोळी नेहमीपेक्षा वर लागते, म्हणून नेम त्याच काडतुसावर बसवा. रिकाम्या पुंगळ्या बोटाने निघाव्यात. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीवर ठोकावं लागलं, तर तो बॉक्स तुमच्या रिव्हॉल्व्हरचा नाही.

आणि मुख्य परीक्षा. सहा भरा. सहाव्यावर मार्करने खूण करा आणि व्हर्नियर कॅलिपरने त्याची लांबी मोजा. पाच उडवा. सहावं काढून पुन्हा मोजा. गोळी सरकलेली दिसली तर बॉक्स कितीही महाग असो, तो घेऊन जंगलात जायचं नाही. दुसरा बॉक्स आणून पुन्हा पहिल्यापासून. मी पाच प्रकार करून पाहिले आणि माझ्या हलक्या रिव्हॉल्व्हरला साधी 240 ग्रेनची, तांब्याच्या जाकिटाची गोळी चालली. दुसरा बार वेळेत आणि नेमाने टाकता येतो, म्हणून मी तीच नेतो. आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, छातीवरच्या पट्ट्याला, हाताला पहिला तोच लागेल असा.

वेळ संपली. व्हर्नियर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय. ती दोन काडतुसं फिरून आली की मोजून बघा.