किल्ली राहिली जुन्या लॅपटॉपात

(दृश्य : ठाणे, नौपाडा. गोखले रोडवरची सकाळ. पहिल्या मजल्यावर एका सीएचं ऑफिस.)

जुलै महिना. रिटर्नची घाई, आणि नेमका मॅडमचा लॅपटॉप बसला. नवा आणला, थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर टाकलं, मेल धडाधड उतरल्या. वाशीच्या एका क्लायंटच्या कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) मेल तेवढ्या उघडेनात. सिक्रेट की नाही म्हणे.

"अरे, पासवर्ड बरोबर आहे की!"

दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणतो, "तो मेलबॉक्सचा, मॅडम. किल्ली जुन्या मशिनात राहिली."

(दृश्य : टेबलाचा खण. क्लायंटच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेली डीएससी, म्हणजे डिजिटल सहीची, टोकन.)

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये मेल कुलूपबंद करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर आणलं, तेव्हापासून मामला हाच आहे. 'पब्लिक की' हे नाव मात्र फसवं. ती खरं तर उघडं कुलूप. कुणालाही द्यावं, तो मजकूर आत ठेवून खटकन लावणार. उघडणारी किल्ली एकच, तीच सिक्रेट की, आणि ती मेल कंपनीकडे नसते. हरवली तर 'फरगॉट पासवर्ड' नाही.

(दृश्य : जुनी हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडली जाते.)

ॲपडेटा, मग रोमिंग, मग जीएनयूपीजी, म्हणजे पीजीपीच्या मोफत भावंडाचा किल्ल्यांचा फोल्डर. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून साध्या बॅकअपमधून हा फोल्डर हमखास निसटतो. तो अख्खा उचलून नव्या लॅपटॉपवर ठेवला. क्लिओपात्रा या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मॅडमचं नाव ठळक अक्षरांत आलं.

थंडरबर्ड तरीही ढिम्म! जुन्या लॅपटॉपवर थंडरबर्डला जोडलेलं एनिग्मेल हे ॲड-ऑन होतं, ते जीएनयूपीजीच्याच जुडग्यातून किल्ली घ्यायचं. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डनं स्वतःचं वेगळं जुडगं केलं. शेजारच्या खुंटीवरची किल्ली त्याला आपोआप दिसत नाही. म्हणून क्लिओपात्रातून सिक्रेट की फाइलमध्ये काढायची आणि थंडरबर्डच्या की मॅनेजरमध्ये घ्यायची. त्याआधी पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड. मॅडम मुलाला म्हणतात, "तू जरा तिकडे बघ."

मेल उघडली. पण किल्लीची मुदत मार्चमध्येच संपलेली.

इथे बरेच जण घाबरून नवी किल्ली बनवतात, आणि जुनी पुसतात. जुनी पुसली की जुन्या मेलही गेल्या. मुदत संपलेली किल्ली जुनं सगळं उघडतेच. फक्त समोरच्याचं सॉफ्टवेअर त्या कुलपात नवं काही ठेवायला नकार देतं. तारीख वाढवायची, पब्लिक की पुन्हा पाठवायची. झालं.

(दृश्य : फोन स्पीकरवर. मॅडमच्या हातात पेन्सिल, समोर जुनी डायरी.)

पाठवलेली की आपलीच, वाटेत कुणी बदललेली नाही, याची खात्री फिंगरप्रिंटनं, म्हणजे किल्लीच्या ओळखखुणेनं होते. चाळीस अक्षरं, चार-चारचे दहा गट. तारीख वाढवली तरी ती बदलत नाहीत. वाशीहून क्लायंट वाचतोय, मॅडम एकेका गटावर टिक करताहेत.

"डी की बी?"

"बी, बी. बॉम्बेचा बी."

"हं. पुढचं सांगा."