प्राचीन ग्रीक: अथेन्सचा कारभार आणि घरसंसार

अथेन्समध्ये अक्रोपोलिस या देवळांच्या टेकडीच्या पश्चिमेला प्निक्स नावाची एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर राजवाडा नाही, सिंहासन नाही. खडक कोरून केलेला एक ओटा आहे आणि त्याच्यासमोर मोकळं मैदान. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकात चांभार, कुंभार, शेतकरी, वल्हेकरी भल्या पहाटे इथे येऊन बसत. दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचंय?’ ज्याला बोलायचं असे तो उठे आणि पुढे येई. लढायचं की तह करायचा, जहाजं किती बांधायची, हे सगळं इथे हात वर करून ठरे.

ग्रीकांचं एक राज्य त्या काळी नव्हतंच. डोंगरांनी कापलेल्या त्या मुलुखात जो तो आपापल्या खोऱ्यात, आपापल्या बंदराशी राहिला. नगरराज्यं हजाराच्या घरात होती, तीही फक्त आजच्या ग्रीसमध्ये नव्हेत. सिसिलीतलं सिराक्यूज ग्रीक, फ्रान्समधलं आजचं मार्सेलिस मूळचं ग्रीक. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो, तळ्याकाठी मुंग्या किंवा बेडूक राहावेत तसे आपण समुद्राभोवती राहतो. भाषा एक, देव तेच, चार वर्षांनी ऑलिंपियाला सगळे जमणार. एरवी आपसात लढाया. स्पार्टात दोन राजे आणि कडक लष्करी शिस्त. आपण मात्र अथेन्समध्येच थांबू, कारण रोजच्या जगण्याच्या इतक्या खुणा दुसऱ्या कुठल्याच ग्रीक शहराने मागे ठेवलेल्या नाहीत.

इ. स. पूर्व ५०८ मध्ये क्लेइस्थेनिस या पुढाऱ्याने नागरिकांची दहा गटांत नव्याने वाटणी केली. प्रत्येक गटातून ५०, अशी ५०० जणांची परिषद वर्षभर कारभार पाही. पुढे ही माणसं निवडून नव्हे, चिठ्ठ्या टाकून ठरू लागली. निवडणुकीत पैसेवाला किंवा घराणेवाला पुढे सरकतो, हे त्यांनी नीट ओळखलं होतं. सेनापती मात्र मतांनीच निवडत; तिथे नशिबावर भरवसा चालणार नव्हता. न्यायालयात वकील नाही, एकटा न्यायाधीश नाही. शेकडो सामान्य माणसं पंच म्हणून बसत आणि भोक पाडलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी गळून संपलं की भाषण बंद. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. देवळं पुष्कळांनी बांधली. कुंभाराला आणि चांभाराला पाळीपाळीने राज्य चालवू देणारे फार थोडे.

आता ही खापरी जवळून पाहा. फुटक्या मडक्याचा तुकडा, त्यावर टोकदार हत्याराने ओरखडलेलं एक नाव. एखादा पुढारी डोईजड होतोय असं वाटलं तर नागरिक अशा खापऱ्यांवर त्याचं नाव लिहून टाकत. ६००० खापऱ्या पडल्या, की सर्वांत जास्त वेळा ज्याचं नाव आलं त्याने दहा वर्षं शहर सोडायचं. मालमत्ता शाबूत, पण मुक्काम बाहेर. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार एक गोष्ट सांगतो. एका अडाणी खेडुताने शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विनवलं, ‘एवढ्यावर अरिस्टाइडिस हे नाव लिहून द्या.’ त्याने विचारलं, ‘त्याने तुझं काय वाकडं केलंय?’ ‘काही नाही. जिकडेतिकडे न्यायी, न्यायी ऐकून कान किटले.’ शेजारचा माणूस अरिस्टाइडिसच होता. त्याने निमूटपणे आपलं नाव लिहून खापरी परत दिली.

या माणसांची घरं साधी होती. दगडी जोत्यावर कच्च्या विटांच्या भिंती, मधे अंगण. चोर दार फोडण्याऐवजी भिंतच खणून आत शिरत. जेवणात सातूच्या पिठाचे गोळे किंवा भाकरी, तोंडी लावायला ऑलिव्ह, कांदा, चीज, खारवलेली मासळी. मांस बहुधा सणाला, देवापुढे बळी दिला की वाटून खायचं. वाइनमध्ये पाणी घालूनच प्यायची. नुसती पिणं रानटीपणाचं मानत. ऑलिव्हचं तेल जेवणात, दिव्यात आणि अंगालाही. धान्य मात्र घरचं पुरत नसे. ते काळ्या समुद्राकडून जहाजांनी येई. इ. स. पूर्व ४०५ मध्ये स्पार्टाने अथेन्सचं आरमार पकडून ती वाट तोडली, आणि पुढच्याच वर्षी उपाशी अथेन्स शरण आलं.

प्निक्सवर बाई कधीच बसली नाही. इ. स. पूर्व ४५१ मध्ये पेरिक्लीस या पुढाऱ्याने कायदा केला, की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. म्हणजे नागरिक जन्माला घालायला ती हवी, मताला नको. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, मग माग, सूत, मुलं. धर्मकार्यात मात्र तिला मान होता. अथीना देवीची मुख्य पुजारीण बाईच असे, तीही तहहयात.

आणि गुलाम. अडीच-तीन लाखांच्या वस्तीत मताचा हक्क अंदाजे ३० हजार पुरुषांना होता. गुलामांची संख्या त्याहून मोठी होती. अथेन्सजवळच्या लाव्रियोनच्या खाणींत अरुंद भुयारांत शिरून ते चांदीचा दगड फोडत. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा सापडला. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने लोकांचं मन वळवून त्यातून लढाऊ जहाजं बांधून घेतली आणि ४८० मध्ये सलामिस बेटाजवळ इराणी आरमार हरलं. ज्या विजयाचा अथेन्सला एवढा अभिमान, त्याचा पैसा या भुयारांतून आला.

अक्रोपोलिसवरच्या एरेख्थेइओन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरून ठेवले होते. त्यातले काही तुकडे आज वाचता येतात. इ. स. पूर्व ४०९ च्या सुमारासचे. ‘चिलखताजवळचा तरुण’ ही मूर्ती कोरल्याचे ६० द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी. खांबांवर उभ्या पन्हळी कोरणाऱ्यांची यादी वेगळी आहे. तिथे नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच खांबावर, जवळपास सारख्याच मजुरीवर काम करताना दिसतात. सिमियास नावाचा एक परदेशी गवंडी आहे, आणि त्याच यादीत सिंड्रोन आणि सॅनिओन, दोघंही त्याचे गुलाम. त्यांच्या नावापुढे त्यांची मजुरी लिहिली आहे. ती बहुधा सिमियासलाच मिळत असे.