नवाच्या पाढ्यातली रात्र

[दृश्य: गुहागरचा किनारा. सूर्य पाण्याला टेकलेला. सुरूच्या बनातून सायकल हातात धरून चालत येणारे एक गृहस्थ, कॅरियरला पिशवी बांधलेली.]

पिशवीत रेडिओ आहे. पाण्याची बाटली, सेलचं पाकीट, टॉर्च आणि दोनशे पानी वही. वाडीत यांना सगळे नाना म्हणतात, आपणही नानाच म्हणू. नानांचं घर इथून पाऊण किलोमीटरवर आहे, पण आजची रात्र ते वाळूवर काढणार आहेत. रेडिओवर दूरदूरची स्टेशनं पकडायची आहेत, आणि घरात हे काम होत नाही.

घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं. जानेवारी महिना. आपल्यासाठी हा सूर्यास्त. थायलंडात मात्र पावणेदोन तासांपूर्वीच अंधार पडलाय, आणि पलीकडे ओमानमध्ये अजून उन्हं आहेत. नानांची सगळी रात्र या दोन वाक्यांवर चालते.

[दृश्य: वाळूवर पोतं पसरलेलं. पिशवीतून रेडिओ निघतो. क्लोजअप: काळी पेटी, गोल मोठी चकती, वर आडवी पट्टी.]

नॅशनल पॅनासॉनिक, आरएफ-२२००. १९७६ साली जपानमध्ये ‘कूगर’ नावानं आलेला सेट. त्या दशकात जपानी शाळकरी पोरांना दूरची स्टेशनं ऐकायचं जबर वेड लागलं होतं. ऐकायचं, स्टेशनला पत्र लिहायचं, उलट टपालानं चित्राचं कार्ड मागवायचं. त्या पोरांसाठी कंपन्यांनी असे एकेक सेट काढले. हा नानांकडे आला मस्कतहून. पंधरा वर्षं ते तिथं गॅरेजात होते.

आता वरची पट्टी बघा. ही फिरते. हिच्या पोटात फेराइटची कांडी आहे, तीच मीडियम वेव्हची एरियल. कांडीची बाजू स्टेशनकडे असली की आवाज मोठा. टोक स्टेशनकडे केलं की आवाज मेला. आपल्याला उलटं वाटतं, एरियल कशी नेम धरून रोखायची असते. इथं नेम धरायचा तो गप्प करण्यासाठी.

[दृश्य: नानांचा अंगठा पट्टी सरकवतो. आवाज: मराठी निवेदन हळूहळू बारीक होतं, खालून वेगळीच भाषा वर येते.]

काटा ११४३ किलोहर्ट्झवर आहे. रत्नागिरी. इथून दक्षिणेला साधारण पंचावन्न किलोमीटर. पट्टीचं टोक दक्षिणेकडे वळलं, आणि ऐकलंत? रत्नागिरी बाजूला झालं आणि खालून कुणीतरी बोलायला लागलं. कोण, ते नानांनाही सांगता आलं नाही. वहीत त्यांनी वेळ लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. अशी प्रश्नचिन्हं या वहीत ढिगानं आहेत.

[दृश्य: वहीचं पान. बॉलपेननं आखलेले रकाने: तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलं, कसं ऐकलं.]

पहिल्या पानावर नानांनी पाढा लिहून ठेवलाय. नवाचा. ५३१, ५४०, ५४९, ५५८... थेट १६०२ पर्यंत, एकशे वीस आकडे. कुठलाही घ्या आणि अंकांची बेरीज करा. मुंबईचं ५५८: पाच, पाच, आठ, अठरा, म्हणजे नऊ. पुण्याचं ७९२: पुन्हा अठरा. सांगलीचं १२५१: नऊ. रत्नागिरीचं ११४३: नऊ. टोकियोचं घ्या, सिडनीचं घ्या, कोलंबोचं घ्या. उत्तर नऊच.

हा योगायोग नाही. १९७५ साली जिनिव्हात परिषद भरली आणि युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांनी ठरवलं की मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं आणि प्रत्येक आकडा नवाच्या पटीत बसवायचा. अंमल २३ नोव्हेंबर १९७८ पासून. त्या तारखेला अर्ध्याहून अधिक जगानं आपली जागा दोन-चार किलोहर्ट्झनं सरकवून घेतली. आज तीन देशांचं एका गोष्टीवर जमत नाही, म्हणून सांगितलं.

अमेरिका मात्र या पंगतीत बसली नाही. तिथं अंतर दहाचं. ७४०, ७५०, ७६०. या फटकून वागण्याचा फायदा कुणाला झाला, ते मध्यरात्री बघू.

[दृश्य: पश्चिमेची लाली संपलेली. टॉर्चच्या उजेडात नाना एक लाकडी चौकट उभी करतात.]

एक मीटर बाजूची चौकट. त्यावर तांब्याच्या तारेचे सात-आठ वेढे, आणि खाली जुन्या व्हॉल्व्ह सेटमधून काढलेला गँग, म्हणजे स्टेशन जुळवायचा फिरता कंडेन्सर. चौकटीतून रेडिओला एकही वायर जात नाही. नुसती शेजारी ठेवायची, आणि गँग फिरवत राहायचं.

[दृश्य: क्लोजअप, सिग्नल मीटरची सुई. तळाशी. बोटं गँग फिरवतात. सुई थरथरते आणि एकदम वर जाते.]

हा शॉट आम्ही चार वेळा घेतला. खरं तर एकदा पुरला असता.

आता दूरची स्टेशनं रात्रीच का येतात ते. दिवसा आपल्या डोक्यावर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर तयार होतो. उन्हानं तापत नाही, उन्हानं विद्युतभारित होतो. याला डी थर म्हणतात. मीडियम वेव्हच्या लहरी वर निघाल्या की हा थर त्या गिळून टाकतो. म्हणून दुपारी रेडिओ लावला तर आपलं जिल्ह्याचं केंद्र, फार तर शेजारचं. सूर्य बुडला की डी थर थोड्याच वेळात विरतो. त्याच्या वरचे थर रात्रीही शिल्लक असतात, आणि ते लहरी गिळत नाहीत, परत खाली वाकवतात. लहर वर जाते, वळते, हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते, पाण्यावर आपटून पुन्हा वर उडते.

आणि पाणी खारं हवं. खारं पाणी जमिनीपेक्षा शेकडो पटींनी चांगलं वाहक. कातळावरून येताना लहर थकते, समुद्रावरून येताना फारशी थकत नाही. म्हणून नाना घरात नाहीत, वाळूवर आहेत. दुसरं कारण जरा घरगुती आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीची पेटी, सगळं मिळून मीडियम वेव्हवर एक सततची घरघर करतं. त्यामुळे लाइट गेली की वाडीत बाकी सगळे महावितरणच्या नावानं बोटं मोडतात आणि नाना रेडिओ घेऊन पडवीत येतात.

[दृश्य: अंधार. फक्त डायलचा पिवळा उजेड आणि नानांचा चष्मा. लाटांचा आवाज, त्यावर खरखर.]

साडेसात. ८८२. श्रीलंकेतलं पुत्तलम, चारशे किलोवॉट. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ ही ख्रिस्ती संस्था इथून भारतीय भाषांत कार्यक्रम करते. इथून साधारण साडेबाराशे किलोमीटर. नानांना धर्मप्रवचनात काडीचा रस नाही. ते ऐकतात आवाजाची चढ-उतार. वीस सेकंद खणखणीत, मग विहिरीत गेल्यासारखा, मग पुन्हा वर. त्यावरून आज आभाळ कसं आहे ते त्यांना कळतं.

काटा उजवीकडे. चिनी. आणखी चिनी. एक शिट्टी. शिट्टी म्हणजे दोन स्टेशनांच्या आकड्यांत थोडासा फरक आहे, त्यांची टक्कर ऐकू येतेय.

१५७५ वर नाना थांबतात. थायलंडातलं बान फाची, दहा लाख वॉटचं, व्हॉइस ऑफ अमेरिकाचं. इथून जवळजवळ तीन हजार किलोमीटर, तरी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं यायचं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम थांबवलं. वहीत या आकड्यासमोरची शेवटची नोंद त्याच महिन्यातली.

[दृश्य: वहीच्या त्या रकान्यावर नानांचं बोट. कट. जुन्या वह्यांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला.]

आता शेजारचा आकडा, १५६६. हा आपला आहे म्हणून थोडं थांबू या.

नागपूरजवळ आकाशवाणीचं दहा लाख वॉटचं प्रक्षेपण केंद्र. १९८८ साली राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. तिचा कणा होतं हे १५६६. रात्रपाळीचे वॉचमन, ट्रक ड्रायव्हर, झोप न येणारे म्हातारे, सगळे तिचे श्रोते. दहा लाख वॉट म्हणजे किती? १९२७ साली मुंबईत देशातलं पहिलं मोठं केंद्र सुरू झालं ते दीड हजार वॉटचं होतं, आणि त्याचा आवाका पन्नासेक किलोमीटर मानला जायचा. नागपूर त्याच्या साडेसहाशे पटींहून मोठं. देशाच्या मधोमध उभं राहून चारी दिशांना बोलणारं.

याच १५६६ वर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर अडीचशे किलोवॉटचं आणखी एक केंद्र आहे, १९७३ पासूनचं. एकाच आकड्यावर दोन बलदंड. ज्याच्या वाटेवर अंधार आणि समुद्र, तो ऐकणाऱ्याच्या कानात जिंकणार. मस्कतच्या गच्चीवर नानांना नागपूर यायचं. तिथं त्यांनी मुंबई ब सुद्धा कैक रात्री ऐकलं, मधे सगळी अरबी समुद्राची सपाटी.

[नाना, कॅमेऱ्याकडे न बघता: “आईचं पत्र यायला बारा दिवस. आणि हे बघा, काटा फिरवला की मराठी बातम्या. मग पत्रात काय लिहायचं ते आधीच कळलेलं असायचं, पाऊस बिऊस.”]

राष्ट्रीय प्रसारण सेवा २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. खर्चाचं कारण होतं.

[दृश्य: वेगळा किनारा. राखाडी पाणी, गवत, वाकलेली झाडं. हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप. पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर वरून खाली ओघळणाऱ्या पिवळ्या रेघा.]

हा तुकडा आम्हाला पाठवलेला आहे, काही वर्षांपूर्वीचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं ग्रेलँड, पॅसिफिकच्या अगदी तोंडावरचं गाव. दूरची मीडियम वेव्ह ऐकणारे लोक इथं शरद आणि हिवाळ्यात येऊन राहतात, पहाटे उठण्यासाठी.

पडद्यावरच्या जाड रेघा अमेरिकी स्टेशनांच्या. ७४०, ७५०, ७६०. दहाच्या पाढ्यातल्या. आता दोन जाड रेघांच्या मधली बारीक रेघ बघा. ७४७. ती दहाच्या पाढ्यात नाही. सात, चार, सात: अठरा. म्हणजे नवाच्या पाढ्यातली, समुद्रापलीकडची. सापोरो, जपान. पाचशे किलोवॉट, सात हजार किलोमीटर.

ते सापोरोच कशावरून? एनएचके, म्हणजे जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था. तिची दुसरी वाहिनी देशभर एकच कार्यक्रम लावायची, बहुतेक वेळा भाषेचे धडे. टोकियो ६९३ वर, अकिता ७७४ वर, सापोरो ७४७ वर. तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी बाई एकच वाक्य दोनदा म्हणाली, की नक्की. एकच जागा ऐकून नाव लिहिणाऱ्याला या लोकांत मान नसतो. ओळख ऐकू यायला हवी, किंवा असा जोड सापडायला हवा. खाली उजवीकडे १०९८ आहे, मार्शल बेटांचं. १५६० आणि १५७० च्या मधे आपल्या ओळखीचा आकडा: १५६६, जेजू. नागपूर तिथं पोचत नाही, मधे जेजू उभं आहे.

हा अख्खा पट्टा संगणक हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतो. पहाटेचा एक तास नंतर महिनाभर पुरवून ऐकतात. नानांना आम्ही हे दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आणि हात कुठं लावायचा?”

एनएचकेनं ही दुसरी वाहिनी २०२६ मध्ये बंद करायचं ठरवलं. जपानच्या ४७ खासगी मीडियम वेव्ह कंपन्यांपैकी ४४ जणींनी २०२८ पर्यंत एफएमवर जाण्याचा मनोदय २०२१ मध्येच जाहीर केलाय. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकी जाते. पुढे.

[दृश्य: पुन्हा गुहागर. नानांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीतून कार्डं निघतात. एकेक कार्ड टॉर्चखाली.]

ही क्यूएसएल कार्डं. तुम्ही स्टेशनला कळवायचं: अमुक तारखेला, अमुक वेळी, तमुक आकड्यावर मी हे ऐकलं. नुसतं ‘तुमचा कार्यक्रम आवडला’ चालत नाही. कुठलं गाणं, निवेदक बाई की पुरुष, मधे काय अडथळा होता, सगळं लिहायचं. सोबत परतीच्या टपालखर्चाचं आंतरराष्ट्रीय कूपन. तिकडचा इंजिनिअर आपल्या नोंदवहीशी ताडून बघणार आणि पटलं तर कार्ड पाठवणार. या कार्डाच्या कडेला वाळवी लागलीय. याचं तिकीट नानांच्या नातवानं काढून घेतलं.

किती कार्डं आहेत, आम्ही मोजली नाहीत. नानांनीही नाहीत.

[दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.]

रात्री अडीचला आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. त्यामुळे पुढचे चार तास तुम्हाला फक्त ऐकायचे आहेत. तसंही बघण्यासारखं काही नव्हतं.

[आवाज: खरखर. फारसी गाणं, लांबून. एक घोषणा, अर्धी. लाट. नानांचं खोकणं. पेनाचं टोपण.]

[दृश्य: पहाट. चार्ज केलेली दुसरी बॅटरी. सुरूंच्या मागे आभाळ फिकट.]

पावणेसात. आता उलटा खेळ. ज्या बाजूला आधी रात्र झाली, तिथंच आधी उजाडलंय. थायलंडकडचं, चीनकडचं सगळं केव्हाच धुऊन गेलं. पुत्तलम नुसतं कुजबुजतंय. पश्चिमेला मात्र अजून अंधार आहे, आणि मधे नुसतं पाणी. रेडिओची पट्टी आता आखाताच्या बाजूनं लावलेली. रात्रभर जे खाली दबलं होतं ते या अर्ध्या तासात वर येतं.

[दृश्य: नाना रेडिओ कानाशी धरून. डोळे मिटलेले. आवाज: पठण, स्पष्ट, मग लाटेसारखं मागे जातं.]

सात वाजून चौदा मिनिटं. सूर्य सुरूंच्या शेंड्याला.

[दृश्य: सिग्नल मीटरची सुई हळूहळू खाली. तळाला टेकते. नानांचं बोट वहीवर. क्लोजअप, शेवटची ओळ: “७.०९. अरबी. पठण. नाव कळलं नाही.” नाना सेल काढतात, दोन-दोन करून कागदात गुंडाळतात. चौकट खांद्याला. वाळूवर सायकलच्या चाकाची रेघ.]