लग्नाआधीची त्वचेची तयारी: हळदीच्या दिवसापासून मागे मोजा

नमस्कार. लग्नसराई जवळ आली की ब्युटी पार्लरच्या पाट्यांवर ‘ब्रायडल पॅकेज’ झळकू लागते आणि त्या पॅकेजमध्ये फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, बॉडी पॉलिशिंग, मॅनिक्युअर आणि पेडिक्युअर असे सगळे काही लग्नाच्या आदल्या आठवड्यात कोंबलेले असते. त्यातले उपचार सरसकट वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. माझा आक्षेप त्यांच्या वेळापत्रकाला आहे. आजच्या व्हिडिओत महाराष्ट्रीय लग्न डोळ्यांसमोर ठेवून, कोणती गोष्ट केव्हा करावी आणि कोणती अजिबात करू नये, हे आपण पाहणार आहोत.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थराखाली नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि शेवटी मृत होऊन गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळही वाढतो. म्हणूनच आज सुरू केलेल्या उपचाराचा खरा परिणाम दिसायला एक-दोन महिने जावे लागतात, आणि चुकीच्या उपचाराने झालेले नुकसानही चार दिवसांत भरून येत नाही. तेव्हा वेळापत्रक आखताना उलटे मोजायचे, आणि तेही लग्नाच्या नव्हे तर हळदीच्या दिवसापासून, कारण वधूच्या त्वचेची पहिली परीक्षा त्याच दिवशी असते.

(पडद्यावर: सहा महिने आधी)

ज्यांना लेझरने केस काढून घ्यायचे आहेत, त्यांनी किमान सहा महिने हाताशी ठेवावेत. लेझरचा परिणाम केवळ वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवर होतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. नथीसाठी नाक टोचायचे असेल, तर तेही याच काळात उरकावे. नाकपुडीची जखम पूर्ण भरायला काही महिने लागतात आणि ओल्या जखमेत मोत्यांची जड नथ घालून दिवसभर वावरणे ही शिक्षाच आहे. ज्यांना टोचायचेच नाही, त्यांच्यासाठी चापाची नथ बाजारात सहज मिळते आणि फोटोत फरक कळत नाही.

चेहऱ्यावर मुरुमे असतील, तर याच टप्प्यावर त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे, कारण मुरुमांच्या औषधांचा गुण दिसायला सहसा आठ ते बारा आठवडे लागतात. येथे एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गुणकारी आहेत, परंतु त्या सुरू असताना गर्भ राहिल्यास बाळामध्ये गंभीर जन्मजात दोष निर्माण होण्याचा धोका असतो, आणि गोळ्या थांबवल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. आपले लग्न ठरले आहे आणि अमुक तारखेला आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायला संकोच करू नका. याच गोळ्यांमुळे त्वचा नाजूक होते आणि वॅक्सिंग करताना सोलली जाण्याची शक्यता असते, म्हणून त्याविषयीही त्यांनाच विचारा.

रोजच्या निगेबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सौम्य फेसवॉश, आपल्या त्वचेला मानवणारे मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन एवढे पुरते. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असावे, चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर मावेल इतके घ्यावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नांचा बस्ता भर उन्हात फिरून खरेदी केला जातो आणि चेहरा रापण्याचे काम तिथेच होते. केळवणाच्या जेवणावळी आणि जागरणे यांमुळे मुरुमे वाढतात, अशी अनेकींची तक्रार असते. फार गोड पदार्थांचा काहींच्या मुरुमांशी संबंध आढळतो हे खरे आहे, पण आत्याने प्रेमाने वाढलेली पुरणपोळी नाकारावी, असा सल्ला मी देणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे वळू, तो म्हणजे ‘महिनाभरात गोरेपणा’ देणारी क्रीमे. औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांमध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड असतात. ती लावल्यावर सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, दाह कमी होतो आणि रंगद्रव्याची निर्मिती मंदावते, त्यामुळे चेहरा खरोखरच उजळ आणि नितळ दिसू लागतो. ओळखीतली एखादी ताई या मलमाची शिफारस करते, ती हाच काळ पाहून करते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन आग होऊ लागते. दोन महिने लावून ऐन लग्नाच्या आठवड्यात ते थांबवले, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकले. तुम्ही आधीच असे मलम वापरत असाल, तर हा व्हिडिओ पाहून ते एकाएकी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून टप्प्याटप्प्याने थांबवा.

दुसरा धोका पाऱ्याचा आहे. पारा रंगद्रव्य तयार करणारी प्रक्रिया रोखतो, म्हणून उत्पादकाचा पत्ता नसलेल्या, परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांमध्ये तो आढळतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडावर आघात करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांमध्ये त्या विकाराचा एरवी क्वचित आढळणारा प्रकार होता आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. भारतीय नियमांनुसार चेहऱ्याच्या प्रसाधनात जाणूनबुजून पारा घालता येत नाही. म्हणून ज्या डब्यावर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, तो डबा कितीही गुणकारी वाटला तरी घरात आणू नये. गोऱ्या रंगाचा हा हट्ट बहुधा वधूचा नसतो, बघायला येणाऱ्यांचा असतो, आणि त्यासाठी मूत्रपिंड पणाला लावावे इतकी त्या मताची किंमत नाही.

(पडद्यावर: शेवटचे दोन आठवडे)

या काळात कोणतीही नवी गोष्ट चेहऱ्याला लावायची नाही, हा एकच नियम कटाक्षाने पाळा. केमिकल पील, म्हणजे रसायनाने त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार, करायचाच असेल, तर शेवटचे पील महिनाभर आधी आटपावे. पूर्वी कधीही फेशियल केले नसेल, तर पहिले फेशियल लग्नाच्या आठवड्यात नको. ब्लीचमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतात, त्यामुळे वॅक्सिंग किंवा स्क्रब केलेल्या त्वचेवर त्याच दिवशी ब्लीच लावणे म्हणजे भाजून घेणे होय. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड असलेली क्रीमे वापरत असाल, तर वॅक्सिंगच्या आठवडाभर आधी ती थांबवा. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावण्याचा घरगुती उपाय तर कधीच करू नये, कारण लिंबू खूप आम्लधर्मी आहे, सोडा अल्कधर्मी आहे आणि त्वचेला दोन्ही सोसत नाहीत.

शेवटच्या आठवड्यातला क्रम वॅक्सिंग, मग मेंदी आणि शेवटी हळद असा असावा. मेंदीचा रंग त्वचेच्या वरच्या मृत थरात बसतो आणि वॅक्सिंगमुळे किंवा स्क्रबमुळे नेमका तोच थर निघून जातो, म्हणून मेंदीनंतर वॅक्सिंग करणे म्हणजे काढलेला रंग पुसणे होय. मेंदी आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते, तेव्हा लग्नाच्या दोन दिवस आधी काढलेली मेंदी ऐन वेळी पुरती रंगते. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीपासून मात्र दूर राहा. तिच्यात बहुधा केसांच्या कलपात असणारे पीपीडी हे रसायन असते. त्याने फोड येऊ शकतात आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे कलपसुद्धा लावणे अवघड होऊन बसते.

वॅक्सिंग हळदीच्या तीन-चार दिवस आधी करावे. ताज्या वॅक्सिंगने रोमरंध्रे उघडी आणि दुखरी असतात आणि त्यांवर पाच सवाष्णींनी लावलेली, नंतर करवल्यांनी चोळलेली हळद बसली, तर पुरळ उठायला वेळ लागत नाही. हळद शक्यतो हळकुंडे आणून दळलेली असावी. अनेक घरांत जात्याची पूजा होते आणि प्रत्यक्षात लावली जाते ती पुडीतली पूड. सुट्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट या पिवळ्या रसायनांची भेसळ असू शकते आणि पुरळ येते ते कित्येकदा हळदीमुळे नव्हे तर त्या भेसळीमुळे. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून खोबरेल तेल लावून कापसाने हळद पुसून घ्यावी आणि मगच आंघोळ करावी. साबणाने घासत बसलात, तर साबणाच्या अल्कधर्मामुळे डाग तांबूस होतो आणि त्वचाही सोलवटते. नखांचे काम हळदीनंतर करावे, अन्यथा फिकट नेलपॉलिश पिवळे पडते. चेहऱ्यावर पिवळी झाक उरली असेल, तर मेकअप आर्टिस्टना आधीच सांगा, कारण ट्रायलच्या वेळी निवडलेली फाउंडेशनची छटा त्यावर वेगळी दिसते.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर जिथे घासतो, तिथे मेकअपच्या आधी मॉइश्चरायझर नीट मुरू द्यावे. टिकलीच्या गोंदाची किंवा खोट्या दागिन्यांतल्या निकेलची खाज ज्यांना येते, त्यांनी ते दागिने आधी एक दिवस घरी घालून पाहावेत. मंगलाष्टके, पंगत आणि पाठवणी आटोपेपर्यंत रात्र होते आणि थकून तशीच झोप लागते. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा असते आणि कालच्या मेकअपवर आजचा मेकअप चढतो. त्यामुळे पाठवणीच्या बॅगेत कापूस, क्लिन्झिंग बाम आणि मॉइश्चरायझर सर्वांत वर ठेवायला बहिणीला सांगून ठेवा. केसांत स्प्रे घट्ट बसलेला असताना कंगवा घालू नका, आधी तेल लावून केस सैल करा आणि सकाळी धुवा.